दोघांशीही जुळत नाही

घरात तिला सगळे रेडिओ म्हणत. सकाळी डोळे उघडले की तिचं तोंड चालू व्हायचं ते झोपेपर्यंत. बाप घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून दिवसभर कुणाचं तरी घड्याळ उघडून बसलेला, आणि शेजारच्या स्टुलावर ही, अखंड बोलत. बाप कधी ओरडला नाही. फार झालं तर म्हणायचा, "जरा आवाज कमी कर, स्प्रिंग उडेल." आईला मात्र काळजी होती. या पोरीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हिचं पुढे कसं व्हायचं, असं ती येईल-जाईल त्याला सांगे.

बोलता बोलता पोरीने बापाच्या हातातलं कसब मात्र उचललं. चिमटीत धरलेला केसाएवढा स्क्रू तिच्या हातून कधी पडला नाही. कॉलेजात जीवशास्त्र घेतलं, पदवी मिळाली, आणि गुन्ह्यांच्या तपासासाठी डीएनए तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून तिची निवड झाली. वर्षभराचं प्रशिक्षण, मग परीक्षा, मग नोकरी पक्की. आईने गल्लीभर सांगितलं की मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. त्यानंतर महिनाभर शेजारीपाजारी आपापले साखरेचे रिपोर्ट घेऊन दारात उभे.

तिला शिकवायला होत्या त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. बारीक चणीच्या, पांढरे केस टोपीत कोंबलेल्या, आणि बोलणं असं मोजकं की एकेक शब्द जणू रेशनवर मिळत होता. पहिल्या दिवशी त्यांनी रेडिओच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून तिचाच नमुना घेतला. इथे काम करणाऱ्या प्रत्येकाचा डीएनए नोंदवून ठेवलेला असे. तपासात कधी कुणाची शिंक, कुणाचा केस मिसळला, तर तो ओळखू यावा म्हणून. "आपण सगळे इथे पहिले संशयित," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, म्हणून रेडिओही हसली नाही.

सुरुवातीचे दिवस ओटे पुसण्यात गेले. ब्लीचने, मग पाण्याने, मग स्पिरिटने. दोन हातमोजे एकावर एक, मास्क, टोपी, अंगभर पांढरा डगला. मग पिपेट धरून रंगीत पाण्याचे थेंब या नळीतून त्या नळीत, दिवसच्या दिवस. थेंब पुरता दिसतही नाही, आणि तोही दर वेळी तेवढाच पडला पाहिजे. इथे बापाचा हात कामाला आला. बाईंनी तिच्या नळ्या उजेडात धरून पाहिल्या आणि "ठीक," एवढंच म्हणाल्या. बाईंची शाबासकी म्हणतात ती हीच, हे तिला शेजारच्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याने सांगितलं.

त्रास झाला तो गप्प बसण्याचा. उघड्या नळीवर बोलायचं नाही, हा पहिला नियम. मास्क असला तरी नाही. तोंडातून उडालेला एक अदृश्य तुषार दुसऱ्याच्या नमुन्यात पडला की संपलं. सकाळभर ती दात आवळून काम करी आणि जेवणाच्या सुट्टीत धरण फुटल्यासारखी बोले. यंत्रातून निघणाऱ्या आलेखावर डीएनएच्या खुणांची उंच टोकं दिसत, त्यांना सगळे 'पीक' म्हणत. जेवताना ती विचारायची, "काय म्हणतंय यंदाचं पीक?" आणि जिथे हाडांतून डीएनए काढत त्या हाडांच्या खोलीतले रुक्ष चेहऱ्याचे लोकही हसायचे.

आलेख वाचायला बाईंनीच शिकवलं. डीएनएवर ठरावीक जागा असतात, आणि प्रत्येक जागी दोन आकडे. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. मूल ज्यांचं आहे त्यांच्याशी जागोजागी अर्धं अर्धं जुळत जातं. रेडिओला हे फार आवडलं. माणूस म्हणजे दोन घरांची बेरीज, असं ती घरी जाऊन बापाला सांगत सुटली. बापाने भिंग न काढता विचारलं, "आणि बेरीज चुकली तर?" ती म्हणाली, बेरीज कधी चुकत नाही, बाबा. चुकते ती माणसं.

प्रशिक्षण निम्म्यावर आलं होतं तेव्हा गावाबाहेरच्या गाद्यांच्या कारखान्याला आग लागली. आत नुसता फोम. पेटला तो थांबलाच नाही, आणि मागचं दार बाहेरून कडी घातलेलं. आतले जवळजवळ सगळे कामगार गेले. जे बाहेर काढले त्यांना चेहरे नव्हते. कपडे नव्हते. पोलिसांनी इस्पितळाच्या मागच्या बाजूला, शवागाराजवळच्या बोळात, टेबल टाकून नातेवाइकांचे नमुने घ्यायला सुरुवात केली, आणि प्रयोगशाळेत माणसं कमी म्हणून शिकाऊ रेडिओलाही त्या टेबलावर बसवलं.

तिने अशी रांग कधी पाहिली नव्हती. लोक रडत नव्हते. रडून झालेलं होतं. एकेक जण येऊन बसायचा, तोंड उघडायचा, ती काडी फिरवायची, पाकिटात घालायची, नाव-पत्ता-फोन लिहायची. बोळात ब्लीचचा वास होता आणि त्याच्याखाली दुसरा एक. पहिल्या तासानंतर रेडिओच्या तोंडून कामापुरते शब्द निघत होते, आणि तेही कष्टाने.

दुपारच्या सुमाराला एक वयस्क जोडपं आलं. काका आयुष्यभर इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुवून निवृत्त झालेले. हाताची कातडी पांढरी, सुरकुतलेली. एकुलता एक मुलगा कारखान्यात शिलाईवर होता. बरोबरची त्यांची बायको, मावशी, खुर्चीवर टेकली आणि तिने हळूच विचारलं, "यात आईबापाचंच लागतं का गं? दुसरं काही चालत नाही?"

रेडिओला वाटलं, मावशी घाबरली आहे. तिने समजूत काढली. दुखत नाही मावशी, नुसती काडी फिरवायची, आणि आईबापासारखा भरवशाचा नमुना दुसरा नाही. मावशीने नवऱ्याकडे पाहिलं. मागे रांग होती, शेजारी पोलीस उभा होता, आणि पाठीशी दीर, जाऊ, पुतणे असं सगळं घर उभं होतं. मावशीने तोंड उघडलं. मग काकांनी.

पुढचे आठवडे हाडांचे. मांडीच्या हाडाचा तुकडा घासून वरचा थर काढायचा, धुवायचा, गोठवून त्याची पूड करायची, त्या पुडीतून डीएनए सोडवायचा. दात असला तर नशीब. शिकाऊंना हाडाला हात लावायची परवानगी नव्हती. रेडिओकडे नातेवाइकांचे नमुने होते. एकेक देह जुळत गेला. कुणाच्या आईशी, कुणाच्या भावाशी, कुणाच्या पोरीशी. जुळला की पोलीस कळवत, आणि त्या घरातली माणसं येऊन आपलं माणूस घेऊन जात.

शेवटी शवागारात एक देह उरला जो कुणाशीच जुळत नव्हता. आणि याद्यांमध्ये एक जोडपं उरलं ज्यांचं कुणीच सापडलं नव्हतं.

धुलाईवाल्या काकांचा आणि मावशीचा नमुना रेडिओने पुन्हा तपासला. पुन्हा तेच. त्या देहाशी ना आईचं जुळत होतं, ना बापाचं. एकाही बाजूची बेरीज बसत नव्हती. ती आलेख घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"मूल त्यांनी वाढवलेलं असणार," त्या म्हणाल्या.

रेडिओला बोळातला मावशीचा तो प्रश्न आठवला. बाईंनी सांगितलं की आपल्याला नुसतं तसं वाटून उपयोग नाही. उरलं ते त्यांचंच, असं म्हणून देह देता येत नाही. मुलाच्या रोजच्या वापरातली एखादी वस्तू हवी. दात घासायचा ब्रश, कंगवा, काहीही. त्यावरून थेट त्याचाच डीएनए मिळेल. खरं म्हणजे हे पोलिसांमार्फत व्हायचं, पण तपासावरचा हवालदार दोन दिवस भेटत नव्हता आणि शवागारवाले देह कधी हलवायचा म्हणून रोज विचारत होते. बाई म्हणाल्या, "फोन कर. मुलाची वस्तू हवी, एवढंच सांग. आणि बोलायचं ते आईशी किंवा बापाशी. तिसऱ्याशी नाही."

रेडिओने फोन केला. पुरुषाचा आवाज आला. थकलेला, घोगरा. तिने विचारलं, मुलाच्या घरून बोलताय ना? हो, घरातलाच आहे, बोला, असं उत्तर आलं. ती काकाच आहेत असं धरून चालली. वस्तू हवी म्हणून सांगितलं.

"आता कशाला?" तो म्हणाला. "दोघांनीही दिलं की त्या दिवशी."

इथे गप्प बसायचं होतं. पण समोरचा माणूस दुःखात आहे, त्याला नीट समजलं पाहिजे, असं तिला वाटलं, आणि समजावून सांगणं हे तर तिचं जन्माचं व्यसन. ती म्हणाली, "काका, ते दोघांशीही जुळत नाही."

"म्हणजे?"

आणि तिने समजावलं. दोन आकडे, एक आईचा, एक बापाचा. बाईंनी तिला जसं शिकवलं होतं तसं, सोपं करून, सावकाश. वाढवलेलं मूल असलं तर असं होतं, त्यात काही वाईट नाही काका, फक्त आम्हाला त्याची वस्तू लागेल. मग तो माणूस म्हणाला, "मी त्याचा काका. धाकटा. दादा झोपलाय. सांगतो त्याला." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी हवालदार प्रयोगशाळेत आला तो संतापलेला. त्या घरात आदल्या संध्याकाळी काय झालं ते त्याने बाईंना सांगितलं. सांत्वनाला जमलेले सगळे नातेवाईक बसलेले असताना धाकट्या दिराने मधोमध उभं राहून जाहीर केलं होतं की हे पोर आपल्या घरातलं नव्हतंच, इतकी वर्षं दादा-वहिनीने सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली. जाऊ म्हणाली, कुणाचं पाप कुणास ठाऊक, आणि आम्ही त्याला ताटात वाढत होतो. काका उठून आत गेले ते बाहेर आले नाहीत. रेडिओ दाराशी उभी राहून ऐकत होती.

बाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वस्तू आणायला हवालदाराबरोबर तू जाणार आहेस."

"बाई, मी नको. माझं तोंड बघवणार नाही त्यांना."

"बघू देत. तुला बघायला हवं, म्हणून जायचं."

ते घर एकाच छपराखाली दोन भागांत होतं. मधली खोली दोघांची सामाईक, तिथे चूल एकच. रेडिओ गेली तेव्हा दिराच्या भागाचं दार आतून लावलेलं होतं आणि मधल्या खोलीत चुलीवर काही नव्हतं. मावशी एकटी खाटेवर बसली होती. हवालदाराने मुलाचा ब्रश मागितला. मावशीने सांगितलं की पाहुण्यांची गर्दी झाली तेव्हा जावेने मोरी आवरली आणि त्याचा ब्रश फेकून दिला. कंगवा धुतला. कपडे धुतले.

"वस्तरा आहे," ती म्हणाली. "पण तो ह्यांचा. दोघं त्यानेच दाढी करायचे. चालेल?"

रेडिओने मान हलवली. तिने हातमोजे घातले, मास्क लावला, मोरीतल्या खिडकीवरचा तो जुना वस्तरा चिमट्याने उचलून पाकिटात ठेवला. पात्याच्या कडेला वाळलेला साबण होता आणि त्यात बारीक काळे-पांढरे केस. हवालदार सही घ्यायला काकांकडे आत गेला. मग तिने मास्क खाली केला.

"मावशी, फोनवर मी बोलले. मला वाटलं काका आहेत."

"माहीत आहे," मावशी म्हणाली.

मग मावशी आपणहून सांगायला लागली, कुणी विचारलं नसताना, भिंतीकडे बघत. काका तेव्हा दुसऱ्या गावच्या इस्पितळात कामाला होते. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पाळणा हललेला नव्हता. एक पोरसवदा मुलगी बाळंत झाली आणि उजाडायच्या आत निघून गेली. नर्सने ते मूल चादरींच्या गाडीतून धुलाईघरात आणलं आणि काकांना म्हणाली, तुमच्या घरी न्या, नाहीतर अनाथालयात जाईल. कागद नाही, सही नाही. दोन वर्षं त्यांनी सासरी कळवलंच नाही, आणि परत आले ते चालतं बोलतं मूल घेऊन. मुलालाही कधी सांगितलं नाही. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तो मिशी फुटून मोठा झाला.

"त्या दिवशी टेबलावर तुला सांगणार होते," मावशी म्हणाली. "सगळे मागे उभे होते."

रेडिओ रडायला लागली. मावशीने तिला जवळ घेतलं नाही.

"तू वाईट नाहीस, पोरी. पण आमचं घर तुझ्या तोंडाने गेलं."

प्रयोगशाळेत तो वस्तरा बाईंनी रेडिओच्या समोर स्वतः हाताळला. यंत्राने आलेख काढला तेव्हा पीक दाटीवाटीने उभं होतं. एकेका जागी दोनऐवजी तीन तीन, चार चार टोकं. दोन माणसं एकमेकांत मिसळलेली. बाईंनी पेन्सिल तिच्या हातात दिली. काकांचा आलेख त्यांच्याकडे होताच. त्यातलं काकांचं ते एकेक जागी खोडत जायचं, आणि उरेल ते दुसऱ्याचं. हे तिला पुढच्या टप्प्यात शिकायचं होतं, पण त्या दिवशी शिकली. काही जागी दोघांचे आकडे एकावर एक आले होते, तिथे टोकाची उंची पाहून ठरवावं लागत होतं. संध्याकाळपर्यंत ती खोडत होती. काका एकेक टोक करून कागदावरून निघून गेले आणि मागे एक तरुण माणूस उरला. तो शवागारातल्या त्या देहाशी सर्व जागी जुळला.

ते जुळलं याचा आनंद कुणालाच झाला नाही. बाईंनी निष्कर्ष लिहिला. त्यात 'नातं' हा शब्द कुठेच नव्हता. देह त्या घरातून बेपत्ता झालेल्या मुलाचा आहे, एवढंच. त्याहून जास्त कुणी विचारलेलं नाही, तर आपण सांगायचं नाही, असं त्या म्हणाल्या. रेडिओला ते वाक्य चपराकीसारखं बसलं, आणि बाईंनी ते त्याचसाठी म्हटलं होतं.

देह द्यायच्या दिवशी तिने तिथे जायची परवानगी बाईंकडे मागितली. इस्पितळाच्या मागच्या दाराशी काका आणि मावशी दोघंच आले होते. दीर नाही, पुतणे नाहीत. शवागारातल्या दोन नोकरांनी आणि हवालदाराने मिळून देह गाडीत चढवला. काका गुंडाळलेल्या पांढऱ्या चादरीच्या कडेवरून बोटं फिरवत राहिले. आयुष्यभर त्यांनी हेच कापड धुतलं होतं. ते कुणाशी एक शब्द बोलले नाहीत.

गाडीत बसण्याआधी मावशी रेडिओपाशी थांबली. तिने विचारलं, "तुमच्या त्या यंत्रात त्याची खरी आई कोण ते दिसतं का?"

रेडिओने तोंड उघडलं. पुष्कळ सांगता आलं असतं. शोध कसा घेता येतो, कुणाशी ताडून बघावं लागतं, कधी जमतं, कधी नाही.

"नाही, मावशी," ती म्हणाली.

"बरं झालं," मावशी म्हणाली आणि गाडीत बसली.

नंतरचं सगळं हवालदाराकडून कळलं. ते दोघं घर सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायला गेले. दिराने मधल्या खोलीत भिंत घातली. काकांचं बोलणं बंद झालं ते झालंच. मावशी बाजारात भेटली की हवालदाराला ओळख देई, पण त्याच्याशी बोलत नसे. कारखान्याच्या मालकावर खटला उभा राहिला. साक्षीदारांच्या यादीत काकांचं नाव होतं, पण ते न्यायालयात आले नाहीत.

रेडिओने नोकरी सोडायचं ठरवलं होतं. घरी तिचा आवाज ऐकू येईना, तेव्हा आईने आधी नवस फळला म्हणून चेष्टा केली आणि मग घाबरून तिला डॉक्टरकडे नेऊ या म्हणाली. बापाने एके दिवशी भिंग काढून ठेवलं आणि काय झालं ते विचारलं. तिने सांगितलं. सगळं. बाप बराच वेळ हातातलं घड्याळ फिरवत राहिला. माझ्या हातून घड्याळं बिघडली आहेत, तो म्हणाला, पण ती बदलून देता येतात. एवढं म्हणून त्याने भिंग पुन्हा लावलं.

ती टिकून राहिली. परीक्षा झाली. लेखी झाली, प्रात्यक्षिक झालं, आणि लुटुपुटूच्या न्यायालयात साक्षही झाली. तिथे वकील झालेल्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिला फिरवून फिरवून प्रश्न विचारले आणि ती विचारलं तेवढ्याचंच उत्तर देत राहिली. ती उत्तम गुणांनी पास झाली. कुठल्या विभागात जायचं असं विचारलं तेव्हा तिने हाडांची खोली मागितली. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही.

बाईंनी तिच्या अर्जातलं हाडांच्या खोलीचं नाव खोडलं आणि तिला नातेवाइकांच्या टेबलावर टाकलं. तिने कारण विचारलं तर म्हणाल्या, "दुधाने तोंड पोळलेलं माणूस मला तिथेच हवंय."

आता ती त्याच टेबलावर असते. बोळातून हट्टाने तिने ते एका छोट्या खोलीत हलवून घेतलं. साहेबांना पटवायला बराच काळ गेला. गेल्या आठवड्यात नदीत बुडालेल्या एका बाईसाठी तिचे आईवडील आणि मागे चार नातेवाईक आले. सगळे एकदम आत शिरले, खुर्च्या ओढू लागले. तिने त्यांना पुन्हा बाहेर बसायला सांगितलं. एक जण तावातावाने म्हणाला की आम्ही घरचेच आहोत. ती हो म्हणाली आणि तरीही दाराशी उभी राहिली. मग आधी आईला एकटीला आत घेतलं, दार लावलं, समोर बसली, आणि काडीचं पाकीट न फोडता वाट बघत राहिली.